तापीकाठची वही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून यंदा निरोप आला, "रोग, औषधे आणि करबचत सोडून काहीतरी लिहा." आज्ञा शिरसावंद्य मानून लेखणी उचलली खरी, परंतु तीस-पस्तीस वर्षे औषधांच्या चिठ्ठ्या लिहिण्यात गेलेल्या हाताला अन्य लेखनाचा सराव उरलेला नाही. वाचकांनी माझ्या अक्षराइतक्याच उदारपणे आशयाकडेही पाहावे, ही विनंती.

कतारगाममध्ये व्यवसाय करणारे आम्ही सहा-सात मराठी डॉक्टर गेल्या वर्षीच्या आषाढापासून एका छंदाच्या निमित्ताने एकत्र येत आहोत. पावसाळ्याचे दिवस वगळता महिन्यातील दोन रविवारी, भल्या पहाटे, सिंगणपोरच्या कॉजवेच्या वरच्या अंगाला तापीकाठी आम्ही जमतो. गळाने मासे पकडतो, त्यांची नोंद करतो आणि लगेच पाण्यात सोडून देतो. आमच्या या मेळाव्याला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. मालमत्ता म्हणाल तर तीन काठ्या, एक जाळीची झोळी, एक तापमापक आणि जाड पुठ्ठ्याची एक वही. त्या वहीच्या पहिल्या वर्षाची ही हकीकत.

छंदाचे श्रेय आमच्या एका ज्येष्ठ भूलतज्ज्ञ स्नेह्यांना. निवृत्तीच्या वेळी परदेशस्थ चिरंजीवांनी त्यांना फ्लाय फिशिंगची काठी भेट दिली. फ्लाय फिशिंग म्हणजे बनावट माशीने मासा पकडण्याची विद्या. नेहमीच्या गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावतात आणि शिसाच्या वजनाने गळ लांब फेकतात. येथे गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून एखाद्या कीटकाचा आभास निर्माण करायचा. या माशीला वजन असे नसतेच. वजन असते ते जाड दोरीला. ती दोरी काठीच्या झोक्याने हवेत मागेपुढे उलगडत न्यायची आणि माशी पाण्यावर अलगद उतरवायची. वाचताना सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी आमच्या गळाला एक बाभळीची फांदी, एका सहकाऱ्याची टोपी आणि माझाच सदरा एवढेच लागले.

तरीही ही विद्या आम्हां मंडळींना लवकर आपलीशी वाटली, त्याला कारण आहे. माशाच्या ओठातून गळ काढण्यासाठी जगभरचे हौशी मच्छीमार जे साधन वापरतात, ते म्हणजे आपली रक्तवाहिनी पकडण्याची चिमटी, आर्टरी फोर्सेप्स. दोरीचे दोन तुकडे जोडण्याच्या त्यांच्या एका गाठीचे नावच मुळी 'सर्जन्स नॉट' असे आहे. आणि भारतातील माशांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्यांतील अनेकजण पेशाने डॉक्टरच होते. गंगेतील माशांवर १८२२ साली ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस हॅमिल्टन, दक्षिणेतील गोड्या पाण्याच्या माशांविषयी लिहिणारे थॉमस जर्डन, १८७५ ते १८७८ या काळात भारतातील माशांवरील प्रमाणग्रंथ प्रसिद्ध करणारे फ्रान्सिस डे, हे तिघेही कंपनी वा ब्रिटिश सरकारच्या सेवेतील शल्यचिकित्सक. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात त्यांनी मासे मोजले, रेखाटले, नोंदले. आमचा उद्योग त्या परंपरेतला आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु घरच्या मंडळींना पटवण्यासाठी या नावांचा चांगला उपयोग झाला.

आता वहीविषयी. ऑगस्ट २००६ च्या पुरात आपल्या सुरतेचे काय झाले, हे वाचकांपैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. माझा तळमजल्यावरचा दवाखाना दोन दिवस पाण्याखाली होता. खुर्च्या, टेबल, औषधे पुन्हा घेता आली. गेले ते केसपेपर. कोणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणाचा रक्तदाब कधीपासून वाढला, कोणत्या मुलाला लहानपणी झटके येत असत, हे सारे चिखलाच्या लगद्यात विरून गेले. पुढे वर्षभर जुन्या रुग्णाला नव्याने प्रश्न विचारताना मला आंधळ्यासारखे चाचपडत असल्याचा अनुभव येई. नोंद हरवली की रुग्ण समोर असूनही अर्धा हरवतो, हे मी तेव्हा शिकलो. म्हणूनच मासे पकडण्याची टूम निघाली तेव्हा मी एकच अट घातली, की प्रत्येक खेपेची नोंद झाली पाहिजे. तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, गढूळपणा, किती तास गळ टाकला, कोणता मासा, किती लांबी; आणि काहीच न मिळाल्यास तेही.

आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीमातेचा जन्मदिवस. सुरतेत त्या दिवशी नदीला चुंदडी अर्पण करतात. त्याच संध्याकाळी आमची पहिली बैठक भरली आणि तिच्यात आमचे एक बालरोगतज्ज्ञ मित्र भावनावश होऊन बोलले. त्यांचे मूळ गाव नंदुरबार जिल्ह्यात, प्रकाशाजवळ, म्हणजे याच तापीच्या काठी. आपल्यापैकी कितीतरी खानदेशी कुटुंबे नदीच्या वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला आलेली आहेत. मित्र म्हणाले, "बाबा मला घाटावर बसवून सांगायचे, की त्यांच्या लहानपणी नदीत सोनेरी खवल्यांचे, हातभर लांबीचे महसीर दिसत. बाबा गेले, ते मासेही गेले. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ मी खर्च करतो. लोणावळ्याहून महसीराची पिल्ले आणू आणि इथे तापीत सोडू."

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत माझ्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. मत्स्य विभागाची परवानगी मागणाऱ्या पत्राचा मसुदाही मीच त्या रात्री लिहून काढला.

श्रावणात तापी लाल-तपकिरी होऊन वाहते. पाणी सहा मीटरच्या खुणेला टेकले की कॉजवेवरची वाहतूक बंद होते. त्या दिवसांत गळ टाकण्याचा प्रश्नच नव्हता. घरी बसून कोंबड्याच्या पिसांच्या माश्या बांधल्या आणि भाद्रपदात रीतसर परवानगी काढून आम्ही चौघे लोणावळ्याला गेलो.

वळवण हे धरण खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी टाटांनी बांधलेल्या तलावांपैकी एक. ते केंद्र १९१५ साली सुरू झाले. या तलावाकाठी १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनी महसीराच्या कृत्रिम प्रजननाचे काम उभे केले आणि पुढे श्री. ओगले यांच्यासह ते वाढवले. हा मासा म्हणजे १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेला 'खुडरी'. पावसाळ्यात अंड्यावर आलेल्या मादीच्या पोटावरून हलक्या हाताने दाब देत अंडी काढायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे आणि वाहत्या स्वच्छ पाण्याच्या तबकांत ती जपायची. साधारण तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. कुलकर्णी-ओगले यांनी तर महसीराची अंडी पाण्याऐवजी ओल्या कापसात ठेवून विमानाने दूरवर पाठवता येतात, हे सिद्ध करून १९७९ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. ओल्या कापसाचा असा उपयोग ऐकून आमच्यातील स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनी बराच वेळ स्तब्ध उभ्या होत्या. आपण रोज हाताळतो ती वस्तू, आणि तिच्यात एका नदीचे बी मावते!

धरणांनी ज्याच्या वाटा अडवल्या त्या माशाला धरणाच्याच काठी जीवदान मिळावे, ही गोष्ट मनाला भिडणारी होती. आम्ही भारावून परतलो. पत्र टंकलिखित करून सह्यांसाठी ठेवले.

दिवाळीनंतर आमची एक अभ्यास-बैठक झाली. आपल्या क्लिनिकल मीटिंगच्या धर्तीवर एकाने विषय मांडायचा आणि इतरांनी प्रश्न विचारायचे. भूलतज्ज्ञ स्नेह्यांनी कर्नाटकातील कावेरीचा विषय घेतला. ती बैठक मला मृत्यू-परीक्षणासारखी वाटली.

कावेरीत एक कुबडा महसीर असतो. पाठीला उंचवटा, नारिंगी पर, अवाढव्य आकार. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांनी गळाने पकडलेला मासा १२० पौंडांचा होता. हा मासा जगात केवळ कावेरी खोऱ्यात आढळतो. लोणावळ्याचा प्रयोग यशस्वी झाल्यावर पुढील काळात तेथील मत्स्यबीज कावेरीतही सोडण्यात आले. हेतू शंभर टक्के चांगला होता, महसीर वाढावेत एवढाच. पण सोडला तो निळसर परांचा खुडरी, आणि नदीत राहत होता तो वेगळ्याच जातीचा कुबडा. त्या काळी दोघांनाही लोक 'महसीर' याच एका नावाने ओळखत होते.

मग काय झाले, हे कळले कसे? कोण्या सरकारी गणनेतून नव्हे. कावेरीकाठच्या गलिबोरे येथील शिबिरात येणारे हौशी मच्छीमार मासा पकडून सोडत आणि वहीत लिहून ठेवत. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी अभ्यासकांनी एकत्र केल्या, तेव्हा २३,६२० तासांचा गळ आणि ६,१६१ महसीर हाती आले. सर्वांत मोठा ४६.८ किलोचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले ते असे. एकूण माशांची संख्या वाढत होती, त्यामुळे वरवर पाहता नदीची प्रकृती उत्तम होती. पण वाढत होता तो बाहेरून आणलेला निळ्या परांचा मासा. कुबडा जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख 'तोर रेमादेवी' अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी जागतिक लाल यादीत त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. ज्या खुडरीला वाचवण्यासाठी लोणावळ्यात एवढे कष्ट घेतले गेले, तो पूर्वी संकटग्रस्त म्हणून नोंदला होता. २०१८ च्या फेरतपासणीत त्याच्या जिवाला आता फारसा धोका नाही, असे ठरले. एक रुग्ण बरा झाला, आणि तेच औषध दुसऱ्याला बाधले. अर्थात कावेरीवरील धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांचाही त्या ऱ्हासात वाटा आहेच. पण आपण ज्याला उपचाराने झालेला आजार म्हणतो, त्याचा इतका स्पष्ट दाखला मी वैद्यकाबाहेर पाहिलेला नव्हता.

बैठकीत काही क्षण कोणी बोलले नाही. मग स्नेह्यांनी शांतपणे विचारले, "नर्मदा-तापीच्या खोऱ्यांतून नोंद आहे ती 'तोर तोर' या महसीराची. लोणावळ्याचा आहे तो खुडरी. आपण रक्तगट न पाहता रक्त चढवायला निघालो आहोत का?"

बालरोगतज्ज्ञ मित्र दुखावले. "एवढ्या मोठ्या नदीत हजार पिल्लांनी काय बिघडणार?" असे ते म्हणाले. आम्ही तासभर वाद घातला. अखेर तीन गोष्टी पुढे आल्या. पहिली वाणाची. दुसरी जागेची: महसीराला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी आणि खडकाळ-वाळूचा तळ लागतो. १९९५ मध्ये झालेल्या कॉजवेच्या मागे साठलेले आपले तापीचे पाणी संथ आहे, जलपर्णीने वारंवार झाकले जाते, आणि जलपर्णीखाली प्राणवायू घटतो. तेथे पिल्ले सोडणे म्हणजे नवजात बालकाला बंद खोलीत ठेवून दार लावून घेणे. तिसरी गोष्ट नोंदीची: आज नदीत काय आहे, याची नोंदच आपल्यापाशी नाही. मग उद्या बरे झाले की वाईट, हे ओळखणार कसे? तपासणीआधी औषध देऊ नये, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. नदीपाशी येताच ते आपण विसरलो होतो. त्यांतही मी अधिक दोषी. कारण वहीचा आग्रह माझाच होता आणि पत्राचा मसुदाही माझाच.

पत्र पाठवायचे नाही, असे ठरले. मित्र पुढच्या तीन रविवारी आले नाहीत.

माघात आम्ही कोकण रेल्वेने वीर स्थानकावर उतरून महाडजवळच्या वाळण कोंडीला गेलो. मित्रांना मी आग्रहाने सोबत नेले. काळ नदीचा हा खोल डोह. काठी वरदायिनी देवीचे स्थान आणि वरून झुलता पूल. या डोहातील मासे देवीचे मानले जातात, त्यामुळे तेथे गळही नाही आणि जाळेही नाही. पुलावरून चुरमुरे टाकले आणि हिरव्या पाण्यातून मोठाले महसीर वर आले. खवल्यांवर उन्हाची तिरीप पडली, तेव्हा मित्रांचे डोळे भरून आले. बराच वेळ ते कठड्याला धरून उभे होते. परतताना म्हणाले, "इथे कोणी काही आणून सोडलेले नाही. फक्त हात आवरला आहे." हेच शहाणपण आम्ही शोधनिबंधांतून शिकलो होतो, त्या गावांनी ते पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने पाळले आहे.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पाणी उतरलेले आणि निवळलेले असते. या काळात आमचे सर्वाधिक रविवार नदीवर गेले. वहीत सर्वांत जास्त वेळा लिहिले गेलेले नाव चिलापीचे, म्हणजे तिलापियाचे. हाही मूळचा आफ्रिकेतला पाहुणा. १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून विणीच्या दिवसांत तिला झोळीबाहेर काढायचे नाही, असा नियम केला. तुटलेली नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिक गोळा करण्याचा नेमही तेव्हापासून सुरू झाला. कॉजवेच्या खालच्या बाजूला भरती-ओहोटीचे पाणी. तेथे गाळावर उड्या मारणारे निवटे मोजणे हा वेगळाच आनंद. सुरती मंडळी त्यांना लेवटा म्हणतात आणि आवडीने खातात. एका वृद्ध माछीबंधूंशी आमची ओळख झाली. ते म्हणाले, "साहेब, कॉजवेच्या आधी समुद्राचा मासा वरपर्यंत यायचा. आता भिंतीला तोंड लावून परत जातो." त्यांचे बोलणेही आम्ही तारखेसह वहीत उतरवून घेतले. रुग्णाचा पूर्वेतिहास नातेवाइकांकडूनच मिळतो.

महसीराचा रकाना वर्षभर शून्यच राहिला. सुरुवातीला तो पाहून आम्ही ओशाळत असू. आता तसे वाटत नाही. काळजीपूर्वक लिहिलेले शून्य हीसुद्धा एक तपासणी असते. पुढे कधी नदीच्या वरच्या अंगाला योग्य वाणाचा, योग्य जागी, तज्ज्ञांच्या हातून प्रयत्न झालाच, तर त्यांना आमचे हे शून्य उपयोगी पडेल.

एक प्रश्न आमच्या घरांत आणि शेजारच्या शाकाहारी बंधूंकडून वारंवार विचारला जातो: सोडायचाच असेल तर पकडता कशाला? माझ्या पत्नीनेही विचारला. याचे पूर्ण समाधान होईल असे उत्तर मजपाशी नाही. गळ लागला की माशाला ताण पडतो, रक्तात लॅक्टिक आम्ल साचते, काही मासे सोडल्यानंतरही दगावतात. म्हणून उलट काटा नसलेला गळ, हात ओले करूनच स्पर्श, कारण कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून मोजणे, आणि उन्हाळ्यात पाणी फार तापले की गळ बंद, हे नियम आम्ही कसोशीने पाळतो. एवढे करूनही आपण त्याला त्रास देतो, हे मान्य केले पाहिजे. त्या त्रासाचे मोल म्हणून निदान नोंद तरी चोख हवी. कावेरीतील कुबड्याची हाक जगाला ऐकू गेली ती अशाच नोंदींमुळे. पुढे अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकण्यास मनाई झाली आणि ती नोंदमाला थांबली, हेही ध्यानात ठेवावे लागते. कोणता मार्ग श्रेयस्कर, याचा निवाडा मी वाचकांवर सोपवतो.

आपणही कधीकाळी डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी मासे सोडण्याचा सल्ला सढळ हाताने दिला आहे. विहिरीत सोडलेला मासा पुराच्या पाण्याबरोबर कुठे जाईल, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. या वर्षाने तो करायला लावला.

ज्येष्ठ महिन्यात वही संपली. पुढच्या बैठकीला बालरोगतज्ज्ञ मित्र एक पुडके घेऊन आले. पिल्लांसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून त्यांनी पाण्यातील प्राणवायू मोजण्याचे उपकरण घेतले होते, आणि सोबत कापडी बांधणीच्या पाच नव्या वह्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी वडिलांचे नाव लिहिले होते. खाली गाव प्रकाशा, नदी तापी. दुसऱ्या पानावर रकाने आखलेले होते. महसीराचा रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने आखला होता आणि तो इतरांपेक्षा थोडा रुंद ठेवला होता. मी त्याविषयी काही विचारले नाही.

त्या वह्या आता माझ्या दवाखान्यात नव्हे, तर एका सदस्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी ठेवल्या आहेत. २००६ चा एवढा धडा तरी आम्ही घेतला आहे.

संस्थेच्या सर्व सभासद बंधू-भगिनींना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना या उपक्रमाचे मनःपूर्वक निमंत्रण. काठी हाती घेतलीच पाहिजे असे नाही. वहीत लिहिणाऱ्याची आम्हाला अधिक गरज आहे. येताना टोपी, पाण्याची बाटली आणि, एवढी एकच अट, वाचता येईल असे अक्षर घेऊन यावे.